आमची वाटचाल: चालू खात्यावर जप्ती आली तेव्हा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरू झालेला आमचा व्यवसाय आज वाहन उद्योगासाठी शाफ्ट आणि बुश तयार करतो. मशिनी कशा वाढत गेल्या यापेक्षा, ज्या प्रसंगाने आमची काम करण्याची पद्धत बदलली तो मांडणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण आसपासच्या गाळ्यांवरही तीच वेळ येताना मी पाहतो.

एका मोठ्या ग्राहकाने माल उचलला, वापरला आणि बिले मात्र अडकवून ठेवली. त्यामुळे पोलाद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची आमच्याकडची उधारी थकली. त्याने दावा लावला, हुकूमनामा म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा निर्णय मिळवला आणि दरखास्त, म्हणजे त्या निर्णयाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून आमच्या चालू खात्यावर जप्ती आणली. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 21 मध्ये याची तरतूद आहे: खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेचे आपल्याला असलेले देणे, म्हणून ती रक्कम न्यायालयात भरा किंवा न भरण्याचे कारण सांगा, अशी नोटीस थेट बँकेला जाते. आम्हाला ते पगाराच्या दिवशी कळले. पगाराची यादी परत आली आणि प्रत्येक नावापुढे व्यवहार नाकारल्याचा शेरा होता. त्यात पहिल्यापासून आमच्यासोबत असलेल्या टर्नरचेही नाव होते. त्या महिन्याचे पगार घरातले दागिने तारण ठेवून केले.

वकिलांनी आधी आदेशाची नक्कल काढली. जप्ती हुकूमनाम्याच्या रकमेपुरतीच होती, बँकेने मात्र सगळे खाते गोठवले होते. तसे लेखी कळवल्यावर हुकूमनाम्यापेक्षा जास्तीची रक्कम मोकळी झाली. मग व्यापाऱ्यासमोर बसून हप्ते ठरवले. त्याने समजून घेतले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशांची नोंद दरखास्तीत झाली नाही, तर न्यायालय ते पैसे हिशेबात धरत नाही, म्हणून प्रत्येक हप्त्यानंतर आम्ही दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दाखल करत गेलो.

देणे मार्गी लागले, तरी मूळ दुखणे येणे वसूल न होण्याचे होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे करारात काहीही लिहिले असले, तरी लघुउद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. ग्राहक तुटेल या भीतीने आपण हा हक्क वापरत नाही, आणि ही भीती मला व्याजापेक्षा महाग वाटते. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असल्याने आम्ही याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज केला. नोटीस गेल्यावर ग्राहकाने मुद्दल भरले, त्यातूनच व्यापाऱ्याचे उरलेले हप्ते फिटले आणि जप्ती उठली. व्याजाची आमची मागणी परिषदेपुढे अजून चालू आहे.