हीथ्रोच्या कुशीतलं सहाशे वर्षांचं कोठार

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विमान उतरताना खाली जी गावं दिसतात, त्यांतलं एक हार्मंड्सवर्थ. एका रविवारी मुद्दाम तिथे गेलो ते धान्याचं कोठार बघायला. बाहेरून दिसतात त्या काळपट फळ्या आणि कौलांचं लांबलचक छप्पर. आत पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. कवी जॉन बेट्जमन याला ‘मिडलसेक्सचं (म्हणजे इथल्या जुन्या परगण्याचं) कॅथेड्रल’ म्हणत, ते तिथे उभं राहिल्यावर पटलं.

लांबी जवळजवळ ५८ मीटर, रुंदी साधारण ११. मधे मोठी मोकळी जागा, दोन्ही अंगांना खांबांपलीकडे पडवीसारखे पट्टे. विंचेस्टर कॉलेज या जुन्या शाळेने १३९१ मध्ये इथली जहागीर घेतली आणि १४२६ च्या सुमारास हे कोठार उभारलं. पीक कॉलेजचं, राबणारे हात गावाचे. गहू, जव, ओट यांच्या पेंढ्या इथे रचायच्या आणि तीन मोठ्या दरवाजांच्या आत मळणी करायची. गंमत म्हणजे शेतीच्या कामाला ते १९७० च्या दशकापर्यंत वापरात होतं!

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला खांबांपाशी. एकेक खांब म्हणजे एकेक ओकचं झाड, चौरस तासलेलं आणि चक्क उलटं उभं केलेलं. शेंडा खाली, बुंधा वर. बुंध्याकडचा भाग रुंद, त्यामुळे आडवी तुळई आणि वरची लाकडं तिथे एकत्र जोडायला पुरेसं लाकूड मिळतं. खांबाखाली दगड, अगदी आपल्या वाड्यातल्या तळखड्यासारखा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. एका लाकडाचा कुसू दुसऱ्याच्या खाचेत आणि त्यातून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. ओक ओलं असतानाच घडवायचं. वाळताना ते आक्रसतं आणि सांधे आवळून धरतं. एका खुंटीवरून बोट फिरवलं, डोकं किंचित बाहेर आलेलं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आजही बहुतेक लाकूड मूळचंच आहे. हे बघून त्या सुतारांबद्दल मनात फार आदर दाटून आला.

२०११-१२ च्या सुमारास जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने कोठार विकत घेतलं, त्यानंतर नीट डागडुजी झाली. हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीच्या आराखड्याची टांगती तलवार मात्र या गावावर कित्येक वर्षं आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लंडनला असाल तर जरूर जा. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी कोठार उघडं असतं. तिकीट नाही. निघण्याआधी वेळ तेवढी तपासून घ्या.