पिवळी मस्टँग, नवा बंपर आणि केबल टायला बांधलेला सेन्सर

अडीच महिने झाले या कामाला, पण रात्री शटर ओढलं की परत तेच डोक्यात येतं, म्हणून लिहून काढतोय.

मी पुण्यात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, १९ वर्षं झाली. नऱ्ह्याला शेड आहे, एक पेंट बूथ आहे, हाताखाली दोन पोरं. बंपर, मिरर, लाईट असली फिटिंगची कामं मी घरी जाऊनही करून देतो. पेंट मात्र घरी कधीच करत नाही, कोणी कितीही म्हणू दे, उघड्यावर धूळ बसते आणि मग कस्टमर आपल्याच नावाने ओरडतो.

बाणेरहून एका साहेबांचा फोन आला. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७ ची, पिवळी, त्यांनी सेकंडहँड घेऊन सात-आठ महिने झालेले. मुलाने मॉलच्या बेसमेंटमध्ये पार्क करताना नाक सिमेंटच्या स्टॉपरवर चढवलं आणि रिव्हर्स घेताना कव्हरची खालची कड त्यात अडकून डावीकडे फेंडरपर्यंत (पुढच्या चाकावरचा पत्रा) फाटत गेली. लो गाड्यांचं हे नेहमीचं आहे, पुढे जाताना काही होत नाही, मागे येताना फाटतं. लोक ज्याला बंपर म्हणतात ते नुसतं प्लास्टिकचं कव्हर असतं, खरा बंपर म्हणजे त्याच्या आतला बीम, तो बाहेरून कधी दिसतच नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्या आतल्यावरच आहे.

या गाड्या आपल्याकडे २०१६ पासून अख्ख्या बनून अमेरिकेतून यायच्या, आणि २०२१ मध्ये फोर्डने इथलं प्रॉडक्शन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे असा पार्ट मिळवणं म्हणजे थांबून राहणं. साहेबांनी कव्हर स्वतःच बाहेरून मागवलं होतं, प्रायमर मारलेलं. मी म्हटलं गाडी एक दिवस शेडला आणा, आधी कव्हर कोरडं लावून बघू, गॅप बघू, मग पेंट. हा माझा नियम आहे, कारण बाहेरचं कव्हर कधी हेडलाईटपाशी दोन एमएम उघडं राहतं, कधी क्लिपचं भोक सरकलेलं असतं, आणि पेंट झाल्यावर घासाघाशी करता येत नाही. साहेब म्हणाले वेळ नाही, रविवारी भाच्याचं लग्न आहे, वरात याच गाडीतून आहे, रंगाची शेड जुळवायला तुम्ही पेट्रोलचं झाकण घेऊन जा. ड्रायव्हरने झाकण कापडात गुंडाळून आणून दिलं आणि मी हो म्हटलं. तिथे मी अडून बसलो असतो तर आतलं सगळं मला आठ दिवस आधी कळलं असतं.

पेंटबद्दल थोडं लिहितो, कारण या कामात मला समाधान मिळालं ते तेवढ्यातच. हा पिवळा ट्राय-कोट आहे. म्हणजे तीन थर, खाली बेस, वर मिड-कोट, मग क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चकाकीचा थर. मिड-कोटचा थर पारदर्शक असतो, तो जितक्या वेळा मारू तितका पिवळा खोल होत जातो, म्हणजे डब्यातला रंग बरोबर असला तरी एक हात जास्त पडला की रंगाची शेड गेली. मी चार पट्ट्या बनवल्या, एक, दोन, तीन, चार हातांच्या, सगळ्यांवर क्लिअर मारून वाळवल्या आणि झाकणाशेजारी धरून सकाळच्या उन्हात, दुपारी आणि शेडच्या सावलीत बघितल्या. दोनचा उन्हात जुळत होता पण सावलीत फिका पडत होता, तीनचा तिन्हीकडे जुळला. बंपरचं प्लास्टिक लवचिक असतं म्हणून क्लिअरमध्ये फ्लेक्स ॲडिटिव्ह टाकलं, नाहीतर पुढे कुठे हलकं दाबलं गेलं की क्लिअरला तडे जातात. बऱ्याच शेडमध्ये ते टाकत नाहीत, चारशे-पाचशे रुपये वाचवतात आणि कस्टमरला कळतसुद्धा नाही. मग हजारचा, दोन हजारचा पाणी पेपर, कंपाउंड, आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळून शुक्रवारी सकाळी टेम्पोत टाकून बाणेर.

बंगल्याच्या पोर्चमध्ये जागा चांगली होती. आधी फेंडरच्या कडांना मास्किंग टेपचे तीन थर लावले, कारण या गाडीचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, त्यावर ओरखडा किंवा डेंट पडला तर काढायला लोखंडापेक्षा जास्त त्रास. गाडी जॅकवर घेतली, दोन्ही बाजूला घोडी (जॅक स्टँड) लावली, घोडीखाली फळ्या, कारण पेव्हर ब्लॉक वजनाने खचतात. बॉनेट उघडलं आणि वरच्या पट्टीच्या क्लिप काढायला लागलो.

तिथेच हात थांबला. क्लिप एकसारख्या नव्हत्या. काही ओरिजिनल, काही जाड डोक्याच्या, नाना पेठेत पाकिटाने मिळतात तसल्या, कुठल्यातरी छोट्या गाडीच्या. एका भोकात क्लिपच नाही, नुसता स्क्रू पिळलेला. पोरगा म्हणाला, उस्ताद, आधी कोणाचा तरी हात लागलाय. मी म्हटलं लागला असेल, जुनी गाडी आहे. पण चाक वळवून व्हील आर्चचं लाइनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) मागे घेतलं, आत छोटी रॅचेट घालून फेंडरला धरणारा बोल्ट बघितला, तर डाव्या बाजूचा साधा दुकानातला बोल्ट, त्याला दोन वॉशर, उजव्या बाजूला ओरिजिनल. डावा फेंडर कधीतरी उतरलेला होता किंवा बदललेला होता.

खालचे स्क्रू काढले, फॉग लाईटचे कनेक्टर सोडवले, बाहेरचं तापमान सांगणारा छोटा सेन्सर सोडवला (हा परत लावायला लोक विसरतात आणि मग एसीची तक्रार करत बसतात). कव्हर कोपऱ्यातून आधी बाजूला ओढायचं, मग पुढे. सरळ पुढे ओढलं की बाजूच्या ब्रॅकेटचे दात तुटतात. दोघांनी दोन बाजूने धरून उतरवलं आणि गवतावर ठेवलं.

आत बीम नव्हता.

म्हणजे काहीतरी होतं. लोखंडी चौकोनी पाइप, गेटला वापरतात तसला, दोन्ही टोकांना जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या, त्या चासीच्या दांड्यांवर बोल्टने आवळलेल्या, वरून काळा स्प्रे. वेल्डिंग ग्राइंडसुद्धा केलेलं नाही. पाइपच्या पुढे जिथे धक्का झेलणारा फोमचा ॲब्झॉर्बर असतो तिथे थर्माकोलचे तुकडे, टीव्हीच्या खोक्यातले असावेत, सिलिकॉनने चिकटवलेले. आणि पुढच्या एअरबॅग सेन्सरपैकी डावा आपल्या जागेवर नव्हता. त्याचं ब्रॅकेटच गायब. कनेक्टर लावलेला, आणि सेन्सर वायरिंगच्या जुडग्याला केबल टायने बांधलेला, लोंबकळत.

मी दोन मिनिटं तसाच उकिडवा बसून राहिलो. १९ वर्षांत वाईट काम खूप बघितलंय, लांबी (पुटी) थापून चार-चार एमएमचे डेंट भरलेले बघितलेत, पण ते दिसण्याचं असतं. हे ज्याने केलं त्याला नक्की माहीत होतं तो काय करतोय. कनेक्टर काढला असता तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असता. लावून ठेवला की सर्किट पूर्ण, दिवा गप्प, स्कॅनर लावला तरी एकही कोड नाही. पण तो सेन्सर धक्का मोजणार कसा, तो चासीच्या लोखंडाला घट्ट धरलेला असेल तरच ना, वायरला लोंबकळणाऱ्या डबीला गाडी कुठे किती जोरात आदळली हे वेळेत कळेल याची काय खात्री.

साहेबांना बोलावलं. म्हटलं, साहेब, गाडी आधी पुढून चांगलीच ठोकलेली आहे आणि रिपेअर चुकीचं केलंय.

"शक्यच नाही, मी पैसे देऊन तपासून घेतलीये. रिपोर्ट आहे माझ्याकडे, सगळं हिरवं आलंय."

त्यांनी मोबाइलवर दाखवला पण. खोटा नव्हता तो रिपोर्ट. स्कॅनर लावला, पेंटची जाडी मोजली, टायर बघितले. फेंडर नवा टाकून नीट रंगवला असेल तर मीटर काय सांगणार, आणि प्लास्टिकच्या कव्हरवर तो मीटर चालतच नाही. कव्हर उतरवून आत बघणारा तपासनीस मी तरी अजून पाहिलेला नाही. दीड-दोन तासांचं काम आहे हो, एवढ्या पैशाच्या गाडीला कोणी करत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मग साहेबांनी विचारलं ते कोणीही विचारेल असंच होतं. "पण हा लोखंडी पाइप आहे, ॲल्युमिनियमपेक्षा मजबूतच झाला ना?" मी त्यांना खाली बसवून दाखवलं. ओरिजिनल बीमच्या मागे दोन्ही बाजूला दबण्यासाठी बनवलेला भाग असतो, क्रश बॉक्स म्हणतात, धडक बसली की तो घडीघडीने चुरगळतो आणि त्या चुरगळण्यात धक्क्याचा जोर संपतो, उरलेला दांड्यांतून मागे वाटला जातो. हा पाइप चुरगळणारच नाही, तो सगळा जोर सरळ दांड्यांना देणार आणि दांडे वाकले की पुढचं नुकसान केबिनकडे सरकणार. थर्माकोलचं तर बोलायलाच नको, पुढचा फोम रस्त्यावरच्या माणसाच्या पायासाठी पण असतो.

ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. हुशार माणूस आहे, एकदाही आवाज चढवला नाही. विचारलं, आज काय करता येईल? मी म्हटलं बीम, ॲब्झॉर्बर, सेन्सरचं ब्रॅकेट मागवावं लागेल, ड्युटी धरून लाखाच्या आसपास जाईल आणि महिना-दीड महिना लागेल. तोपर्यंत गाडी चालवू नका. सेन्सर मी कुठेतरी बोल्टने आवळून देऊ का असाही विचार मनात आला, पण तो कुठल्या जागेवर, कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचा हे कंपनीने ठरवलेलं असतं, मी अंदाजाने लावला आणि एअरबॅग नको तेव्हा उघडली तर? एअरबॅगशी मी अंदाजाने खेळत नाही. पाइप काढावा तर रेडिएटरपुढे काहीच उरत नाही.

"रविवारचं लग्न होऊ दे. वरात दहाच्या स्पीडने जाणार आहे. कव्हर लावून द्या, नंतर बीमचं बघू. आणि एक करा, आईला आणि मुलाला यातलं काही बोलू नका, उगाच घाबरतील."

मी कव्हर लावलं.

लावलं तेही नीट लावलं. सगळ्या क्लिप नव्या, डाव्या फेंडरला बरोबर मापाचा बोल्ट, हेडलाईटपाशी दोन्ही बाजूंना सारखी गॅप, शेड अशी जुळली की पोरगा मोबाइलवर फोटो काढत बसला. बिलावर मी हाताने लिहिलं, "आतला बीम, फोम व डाव्या एअरबॅग सेन्सरचे माउंटिंग ओरिजिनल नाही, ग्राहकास दाखवले." साहेब म्हणाले ही ओळ कशाला. मी म्हटलं साहेब, याशिवाय मला बिल देता येणार नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी सही केली. फोटो त्यांना पाठवले, कॉपी माझ्याकडे आहे.

हत्यारं गोळा करत होतो तेव्हा आजी चहा घेऊन बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. गाडीभोवती हळूहळू एक चक्कर मारली, नव्या कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालं का रे बाळा? नीट बसलं ना सगळं?"

मी म्हटलं, "हो आजी, नीट बसलं."

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली तुम्ही लेखी दिलंय, आणखी काय करणार. धंद्यातल्या एका मित्राला सांगितलं, तो म्हणाला तू लावलं नसतंस तर दुसऱ्याने लावलं असतं आणि सांगितलंही नसतं. दोघांचंही पटतं. पण ते पिवळं कव्हर मी इतकं चांगलं बनवलंय की आता ती गाडी बघून कोणालाच शंका येणार नाही, पुढच्या तपासणाऱ्यालाही नाही. आधी निदान गॅप वाकडी होती.

साहेबांना मी बीमचं कोटेशन पाठवलं, दोनदा फोन केला. एकदा म्हणाले बाहेरगावी आहे, एकदा म्हणाले गाडी तशी फार चालत नाही, दिवाळीनंतर बघू. आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा मेसेज आला, नंबर बिलावरून घेतला असावा. "काका, कलर एक नंबर झालाय. पुढे पीपीएफ लावायचीये, आता चालेल ना? पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर गोव्याला घेऊन जाणारे." पीपीएफ म्हणजे पेंटवर लावायची पारदर्शक फिल्म. मी लिहिलं, चालेल, पेंट आता पूर्ण वाळलाय, फक्त फिल्म लावणाऱ्याला कडेला कव्हरवर ब्लेड चालवू देऊ नको. त्याने अंगठा पाठवला.

खाली अजून एक मेसेज मी टाइप करून ठेवलाय, पाइपचा आणि सेन्सरचा फोटो जोडून. मुलगा बावीस-तेवीसचा असेल, गाडी तोच चालवतो. पण गाडी वडिलांच्या नावावर, बिल वडिलांनी दिलं, शब्द मी वडिलांना दिला. उद्या सकाळी साहेबांना आधी एक फोन करतो, की तुम्ही सांगता का मी सांगू. त्यांनी परत दिवाळीनंतर म्हटलं तर काय करायचं, ते अजून ठरत नाहीये.