व्रोत्सवाफचे तीन दिवस : दुसऱ्याच्या घरात उघडलेलं विद्यापीठ

२०२४ च्या दिवाळीत मी बर्लिनला भावाकडे होते, तिथून पोलंडमधलं व्रोत्सवाफ ट्रेनने चारेक तासांवर आहे म्हटल्यावर मला राहवेना. कारण सांगते. आम्ही कोल्हापूरचे. माझे पणजोबा वळिवड्याच्या पोलिश कॅम्पमध्ये दूध घालायचे, आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि त्यांच्याबरोबर सायकलच्या दांडीवर बसून जायची. सोनेरी केसांच्या पोरी, रविवारी चर्चमधलं गाणं, बॅरकीच्या दारात लावलेली फुलझाडं, हे सगळं ती आम्हाला इतक्या वेळा सांगायची की आम्हाला ते आपणच बघितल्यासारखं वाटायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सॉच्या कोल्हापूर स्मारकाला गेले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर आजीचाच विषय चालला होता, आजी मात्र नव्हती ते बघायला.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९४० पासून सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधली माणसं गाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानला नेली, त्यातली जी सुटली ती इराणमार्गे कुठे कुठे गेली आणि पाचेक हजार जण १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. ह्या पूर्व पोलंडमध्येच ल्वूफ शहर आणि त्याच्या आसपासचा मुलूख होता, आजचं युक्रेनचं ल्विव्ह. युद्धानंतर सीमाच पश्चिमेकडे सरकवल्या, ल्वूफ गेलं, त्या बदल्यात जर्मनीचं ब्रेसलाऊ पोलंडला मिळालं आणि त्याचं व्रोत्सवाफ झालं. मग ल्वूफची माणसं सामान बांधून इकडे आली आणि इथल्या जर्मनांना घरं सोडून जावं लागलं. माणसांचं एक वेळ समजू शकतं, पण अख्खं विद्यापीठ कसं हलतं, मला ते बघायचं होतं.

नारिंगी रंगाच्या स्टेशनवर उतरले आणि चालत चौकात गेले. तिथे फ्रेद्रो नावाच्या पोलिश नाटककाराचा बसलेला पुतळा आहे. हा पुतळा १८९७ मध्ये ल्वूफमध्ये बसवलेला, १९५६ मध्ये इथे आणून ठेवला, त्या जागी आधी प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, राजाचा पुतळा होता. आजूबाजूला लोक कॉफी पितायत, पोरं कबुतरांमागे पळतायत. मी त्या पुतळ्याच्या पायथ्याशी बराच वेळ बसले होते. घर सोडताना देव्हारा सोबत नेतात ना, तसं वाटलं मला ते.

हॉस्टेलच्या रिसेप्शनला एक मुलगी होती, ल्विव्हची, २०२२ च्या मार्चमध्ये आईबरोबर आलेली, आता इथल्याच विद्यापीठात शिकते आणि संध्याकाळी काम करते. मी कशासाठी आलेय ते ऐकून ती म्हणाली उद्या सकाळी मला लेक्चर नाहीये, मी येते तुझ्याबरोबर. तिच्यामुळे मला हे शहर कळलं, नाहीतर मी पण सगळ्यांसारखे बुटक्यांचे फोटो काढून परत आले असते. (शहरभर बसवलेल्या त्या छोट्या ब्राँझच्या बुटक्यांची पण गोष्ट आहे बरं का. १९८० च्या दशकात लष्करी कायदा लागला तेव्हा भिंतींवरच्या सरकारविरोधी घोषणांवर रंग फासायचे, त्या रंगाच्या डागांवर इथल्या विद्यार्थ्यांनी बुटके रंगवायला सुरुवात केली. त्यांचा म्होरक्या वाल्देमार फिद्रिख याच विद्यापीठात कलेचा इतिहास शिकलेला. १ जून १९८८ ला तर लाल टोप्या घालून हजारो पोरं रस्त्यावर आली होती.)

विद्यापीठाची मुख्य इमारत ओडर नदीच्या काठाला लागून आहे, पिवळसर, लांबच लांब. आत आउला लिओपोल्डिना नावाचा हॉल आहे, तिकीट काढून बघता येतो. दारातून आत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघी आपोआप हळू आवाजात बोलायला लागलो. छतभर चित्रं, भिंतींवर जुन्या विद्वानांच्या तसबिरी आणि समोर मंचावर सम्राट लिओपोल्ड, ज्याने १७०२ मध्ये इथे जेझुइट पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूंची अकादमी काढून दिली. पुढे १८११ मध्ये ओडरकाठच्याच फ्रँकफुर्टचं जुनं विद्यापीठ, १५०६ सालचं, उचलून इथे आणलं आणि या अकादमीत मिसळलं. म्हणजे हे विद्यापीठ १९४५ च्या आधीसुद्धा एकदा स्थलांतर करून बसलेलं आहे!

तिथल्या लाकडी बाकांवर हात फिरवताना मला एकदम आपला डेक्कन कॉलेज आठवला, आणि ते उगाच नाही. इथे १८३३ पासून स्टेन्झलर नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते, कालिदासाचं रघुवंश आणि कुमारसंभव त्यांनी संपादित केलंय. त्यांच्या हाताखाली शिकलेला फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात आला, पंधरा वर्षं राहिला, पतंजलीच्या महाभाष्याची त्याची आवृत्ती मुंबईत छापली गेली आणि अजून अभ्यासक ती वापरतात. पुण्यातल्या शास्त्र्यांकडून तो व्याकरण शिकला, इथला गुरू आणि तिथले गुरू, दोन्ही त्याचेच. आजही या विद्यापीठात संस्कृत आणि हिंदी शिकवतात. ब्रेसलाऊ जर्मन होतं तेव्हाही शिकवायचे आणि पोलिश झाल्यावरही शिकवतात, हे मला फार मोलाचं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. १९४५ च्या मे महिन्यात ब्रेसलाऊ पडलं तेव्हा शहर भाजून निघालं होतं, ग्रंथालयाची पुस्तकं जळाली होती. ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की हे आता पोलिश विद्यापीठ आणि १५ नोव्हेंबरला पहिली लेक्चरं झाली पण. शिकवायला आले ते बरेचसे ल्वूफचे प्राध्यापक. त्यांनी येताना काय आणलं असेल? गणितवाल्यांचंच सांगते. ल्वूफमध्ये स्कॉटिश कॅफे नावाचं एक हॉटेल होतं, तिथे हे गणिती टेबलाभोवती बसायचे आणि सुचलेले प्रश्न एका जाड वहीत लिहून ठेवायचे, वेटरकडे ठेवायची वही, प्रश्न सोडवला तर बक्षीस. एका प्रश्नाचं बक्षीस जिवंत हंस होतं आणि १९७२ मध्ये तो प्रश्न सोडवणाऱ्या स्वीडिश गणितज्ञाला तो हंस खरंच दिला. युद्धात त्या गटातले कितीतरी मेले, ह्यूगो श्टाइनहाउस ज्यू, दुसऱ्या माणसाच्या नावाने खेड्यात लपून वाचले. ते व्रोत्सवाफला आले आणि १९४६ मध्ये त्यांनी काय केलं, तर नवीन वही सुरू केली. नवी स्कॉटिश वही. शहर गेलं, मित्र गेले, कॅफे गेला, तरी वही सुरू. मला हे वाचतानाच भरून आलं होतं, तिथे उभं राहून तर बोलताच येईना.

आणि पहिले कुलगुरू स्तानिस्वाफ कुलचिन्स्की, वनस्पतीशास्त्राचे. युद्धाआधी ते ल्वूफ विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेव्हा तिथे ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवा म्हणून दंगे चालायचे, सरकारनेही मान तुकवली, आणि जानेवारी १९३८ मध्ये कुलचिन्स्कींना तसा आदेश काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही, राजीनामा दिला. वेगळी बाकं म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पुढे हेच कुलचिन्स्की कम्युनिस्ट राजवटीत मोठमोठ्या पदांवर बसले, ते मला खटकतं आणि मी ते लपवणार नाही, पण ती न केलेली सही मोठीच आहे.

मी हे सगळं भारावून बोलत होते तर ती मुलगी शांतपणे म्हणाली, त्या ल्वूफ विद्यापीठात आमच्या लोकांनाही जागा नव्हती, आमच्या लोकांनी १९२१ ते १९२५ तिथे लपूनछपून युक्रेनियन विद्यापीठ चालवलं, घराघरांत वर्ग भरायचे, पोलिस पकडून न्यायचे. मी गप्प झाले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं सांगत होती. आणि ती हे सांगत होती पोलिश विद्यापीठाच्या अंगणात उभी राहून, तिथलंच ओळखपत्र गळ्यात घालून. मला वाटतं विद्यापीठ ह्याच्यासाठीच पाहिजे, की असं बोलता यावं आणि बोलल्यावर कोणी हाकलून देऊ नये.

दुपारी ओसोलिनेउमला गेलो. १८१७ मध्ये ल्वूफला स्थापन झालेलं ग्रंथालय, १९४६-४७ मध्ये त्यातला काही भाग रेल्वेने इथे आला, बाकीचा ल्विव्हलाच राहिला. एकाच संग्रहाचे दोन तुकडे दोन देशांत. नंतर जवळच्या एका छोट्या हॉटेलात पिएरोगी रुस्के खाल्ले, बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज भरलेले, करंजीसारखे पण उकडलेले, वर परतलेला कांदा. नावातलं रुस्के म्हणजे रशियन नव्हे बरं का, जुन्या रुथेनियाचे, म्हणजे त्याच ल्वूफकडच्या मुलखाचे, युद्धानंतर आलेल्या लोकांबरोबर ते इकडेही रुजले.

जेवताना तिने मला जे सांगितलं त्यासाठी हा सगळा लेख लिहितेय. नाझी काळात ब्रेसलाऊ विद्यापीठाने आपल्याच २६२ लोकांच्या डॉक्टरेट काढून घेतल्या होत्या, बहुतेक ज्यू म्हणून, काही सरकारविरोधी म्हणून. तेव्हाचं विद्यापीठ जर्मन. काढून घेणारे जर्मन, ज्यांच्या काढून घेतल्या तेही जर्मन. पोलिश विद्यापीठाचा ह्याच्याशी काय संबंध, असं कोणीही म्हणू शकलं असतं, उलट हे विद्यापीठ उभं करणाऱ्या ल्वूफच्या लोकांनी तर नाझींच्या हातून आपले सहकारी प्राध्यापक गमावले होते. तरी जानेवारी २०१५ मध्ये व्रोत्सवाफ विद्यापीठाने समारंभ करून त्या २६२ पदव्या परत दिल्या. घ्यायला त्यांच्यातलं कोणी राहिलेलं नव्हतं. घर ताब्यात आलं की त्यातली सुंदर छतं जशी आपली, तसं त्या घरात झालेलं पापही आपणच निस्तरायचं, असं त्यांनी ठरवलं. किती जणांना जमतं हे?

तेव्हा मला वळिवडं आठवलं. पोलिश लोक गेल्यावर त्या रिकाम्या बॅरकींत फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं राहायला आली, तेच आजचं गांधीनगर. कपड्यांच्या होलसेल खरेदीला आम्ही लहानपणापासून तिथे जातोय, लग्नाचा बस्ता पण तिथलाच. एका बेघर झालेल्या लोकांच्या छपराखाली दुसरे बेघर झालेले, आणि आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला ह्याचा एक शब्द नव्हता. कोल्हापुरात विद्यापीठ आहे, सिंधी आजी-आजोबा अजून आहेत, पोलंड-इंग्लंडमध्ये वळिवड्याला वाढलेली मुलं आता नव्वदीत आहेत. पोरांना रेकॉर्डर देऊन पाठवा त्यांच्याकडे, आत्ता, ह्याच वर्षी. मी हे तळमळीने सांगतेय कारण माझ्या आजीचं मी एकदाही रेकॉर्ड करून ठेवलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला, पॉलिटेक्निकजवळच्या स्मारकाला गेलो. जुलै १९४१ मध्ये जर्मनांनी ल्वूफच्या २० हून जास्त प्राध्यापकांना एका रात्रीत घरातून उचलून वुलकाच्या टेकडीवर गोळ्या घातल्या, त्यांचं हे स्मारक. त्यावर पोलिशमध्ये लिहिलंय, आमचं नशीब हा इशारा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचा सर्व संतांचा सण, त्यामुळे शहरभर दुकानांबाहेर काचेच्या बरण्यांतल्या मेणबत्त्यांचे ढीग लागले होते, झाकणवाल्या, वाऱ्याने विझू नयेत म्हणून. आम्ही दोन घेतल्या, एक तिने लावली, एक मी. तिने झाकण लावताना हाताचा आडोसा धरला, अगदी आपण पणतीला धरतो तसा.

तिथूनच आईला फोन लावला. कोल्हापुरात रात्र झाली होती, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, मागून फटाक्यांचे आवाज येत होते. म्हटलं आई, आपल्याकडे ती पोलिश लोकांची दफनभूमी आहे ना, तिथे उद्या एक पणती लावून येशील का?

"येते की," आई म्हणाली. "पण कुणाच्या नावानं लावू पोरी?"

मी फोनवर हात ठेवून त्या मुलीला विचारलं. ती जरा वेळ त्या बरण्यांकडे बघत राहिली, मग म्हणाली, तुझ्या आजीच्या नावाने लाव म्हणावं, तिला त्या सगळ्यांची नावं माहिती होती.