हॅमॉकची मच्छरदाणी: वजनाआधी पाठीचं बघा

हलकी मच्छरदाणी शोधणारे बहुतेक जण कापडाच्या ग्रॅमवर अडतात. हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या कापडी झोळ्यात, डास मात्र खालून चावतो. हॅमॉकचं एकेरी नायलॉन पाठीला घट्ट बसलं की डासाची सोंड कापडातून सहज आरपार जाते. म्हणून फक्त वरच्या बाजूला चेनने जोडलेली जाळी थंडीत, खाली अंडरक्विल्ट (हॅमॉकखाली बांधायची ऊबदार रजई) असताना ठीक. एप्रिल-मेमध्ये कोकणात अंडरक्विल्ट कोण लावणार? तिथे अख्ख्या हॅमॉकला वेढणारी, खालून आत शिरायची जाळीच घ्यावी. पाठीखाली ती वीतभर सुटी राहिली पाहिजे. अंगाला टेकली की असून नसून सारखीच.

पलंगाच्या साध्या मच्छरदाणीला चौरस इंचात साधारण 156 भोकं असतात, म्हणजे सेंटिमीटरला पाच. त्यात डास अडतो, पण खाडीकाठची बारीक चिलटं आणि वाळूमाशी खुशाल आत येतात. त्यांच्यासाठी सेंटिमीटरला 9-10 भोकं हवीत. दुकानात जाळीवर पट्टी ठेवून मोजा, दुकानदार हसला तर हसू दे. मात्र जाळी बारीक झाली की वाराही अडतो. नुसते डासच असतील तिथे मोठ्या भोकांची जाळी जास्त सुखाची. रंग काळाच घ्या. पांढऱ्या जाळीवर टॉर्चचा उजेड पडला की बाहेरचं काही दिसत नाही.

आता वजन. अशा जाळीला साधारण 7 चौरस मीटर कापड लागतं. चौरस मीटरला 17 ग्रॅमचं घेतलं तर 120 ग्रॅम, 23 चं 160, 30 चं 210. सगळ्यात हलकं कापड करवंदीच्या काट्यांत एकदा अडकलं की गेलंच. आमच्या सह्याद्रीसाठी 23 बरं, 40 ग्रॅमसाठी जीव टाकू नये.

जाळी लटकते ती रिजलाइनवर, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून ताणलेल्या दोरीवर. हॅमॉक 3.3 मीटर असेल तर रिजलाइन त्याच्या 83 टक्के, म्हणजे 2.75 मीटर. ती नसेल तर माणूस बसल्यावर हॅमॉक खाली जातो, जाळी ताणली जाते आणि टोकाची शिवण उसवते. जाळीची लांबी 3 मीटर ठेवा, दोन्ही टोकं नाडीने आवळा.

शिवून घेणार असाल तर टेलरला 70 नंबरची सुई, पॉलिस्टर दोरा आणि 3 मिलिमीटरचा टाका सांगा. मशीनचे दात ही जाळी खाली ओढतात, म्हणून शिवणीखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची आणि नंतर फाडून काढायची.

खालच्या तोंडाला चेन नको, तिच्यात जाळी अडकते. 2 मिलिमीटरची नाडी आणि ती आवळून धरणारा कॉर्डलॉक पुरे. आत शिरेपर्यंत हे तोंड पाचोळ्यावर लोळू देऊ नका, गोचीड चढते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडताप आढळलेला आहे, तो गोचिडीमुळेच पसरतो. तोंड वर खोचून ठेवा, त्यात उभं राहा, जाळी कमरेपर्यंत ओढा, बसा, पाय आत घ्या आणि लगेच नाडी आवळा.