आमची वाटचाल : खोगिरावरचा अंगठा

टेबलावर लढाया खेळण्यासाठी आम्ही धातूचे छोटे शिपाई ओततो आणि रंगवतो. त्यातल्या २८ मिलिमीटरच्या बारगिराचा स्वार घोड्यावर चिकटवण्याआधी खोगिराची डावी बाजू उजेडाकडे धरून बघा. सात-आठ बारीक रेघा दिसतील आणि त्यांना आडवी छेदणारी एक. त्या माझ्या अंगठ्याच्या आहेत. आडवी रेघ म्हणजे ब्लेड लागल्याची जुनी खूण. पुट्टी पुरती वाळायच्या आत मी घोडा उचलला आणि ठसा उमटला तो कायमचा. हे आधी सांगून टाकतो, कारण हल्ली नवी पोरं मलाच विचारतात, "काका, तुमचा बारगीर अगदी त्यांच्या बारगिरासारखा दिसतो, नाही?"

त्यांच्या बारगिरासारखा!

सुरुवात केली ती अण्णांनी आणि मी. धंदा डोक्यात नव्हता. आम्हाला टेबलावर मराठी घोडदळ उतरवायचं होतं आणि आमच्या हाती जे लागायचं त्यात घोडा पाश्चात्त्य, खोगीर त्याहून पाश्चात्त्य, वर पागोटं मात्र आपलं. अण्णांचा जन्म ओतकामात गेलेला, मला पुट्टी आणि ब्रशचा नाद. ते म्हणाले, "तू घडव, मी ओततो." भागीदारीचा करार एवढाच.

निळी-पिवळी पुट्टी मळून हिरवी करायची, तारेचा सांगाडा करायचा, त्यावर माणूस चढवायचा. आधी बारगीर केला, मग शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःच्या पदरचा, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण तो फरक टेबलावर दिसायला नको? म्हणून शिलेदाराच्या खोगिराला झालर दिली, घोड्याच्या गळ्यात माळ घातली आणि बारगिराचं खोगीर साधं ठेवलं. रंगवतानाही आम्ही बारगिरांच्या पथकात कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडे जास्त ठेवतो. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आणि अबलख (ठिपक्याठिपक्यांचे) शिलेदारांना. हा आमचा नियम, इतिहासाचा नव्हे.

रबराचा साचा दाबाखाली, उष्णतेत शिजवतात तेव्हा मूळ फिगर बऱ्याचदा त्यातच मोडते. आमचा पहिला बारगीर असाच गेला. हाती राहिले त्या साच्यातून काढलेले सहा चांगले ओतीव नग. ते आम्ही सोन्यासारखे सांभाळले, कारण पुढचे सगळे साचे त्यांच्यावरूनच करायचे होते. अण्णांच्या शिस्तीपुढे माझं काही चालायचं नाही. साचा गरम झाल्याशिवाय पहिले दहा-बारा शिपाई धड येत नाहीत, ते निमूटपणे परत मुशीत टाकायचे. मुशीजवळ पाण्याचा थेंब नको. दमट सळई रसात गेली की रस उडतो, आणि त्याची खूण अण्णांच्या मनगटावर होती. साच्यावर शंखजिऱ्याची पूड हलकीच झटकायची, थापायची नाही. नाहीतर नाकडोळे बुजतात.

आणि भाले धातूचे ओतू नका. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ओतलेला भाला तिसऱ्या खेळात वाकतो, पाचव्यात तुटतो. मुठीला हातड्रिलने भोक पाडा, पोलादी तार घाला, टोक हातोडीने चपटं करून कानशीने घासा. बोटाला टोचेल, पण वाकणार नाही.

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे सर. निवृत्त शिक्षक, त्यामुळे आम्हीही सरच म्हणायचो. त्यांना असईची लढाई हवी होती, २३ सप्टेंबर १८०३ ची, दोन्ही बाजूंनी पूर्ण. शिंद्यांचे कंपू (कवायती पलटणी), तोफा, केळणा नदी ओलांडून आलेली इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज. पहिली पेटी पाठवली आणि आठव्या दिवशी ती परत. आत चिठ्ठी : "७४ व्या आणि ७८ व्या पलटणीच्या कफ-कॉलरचा रंग तुम्ही एकच दिला आहे. ७४ वी पांढरी. ७८ वीला रॉस-शायर बफ्स म्हणत, ते उगाच नव्हे." बफ म्हणजे कमावलेल्या चामड्याचा मळकट पिवळा. मी वेलस्लीच्या या दोन्ही पलटणींना पांढरा फासला होता. अठ्ठेचाळीस शिपायांचे कफ पुन्हा रंगवले आणि तेव्हापासून गणवेशाचा कागद समोर असल्याशिवाय ब्रश ओला करत नाही. (१८१२ च्या फ्रेंच गणवेश-नियमांतला आखूड शेपटांचा कोट १८०९ च्या वाग्रामच्या लढाईतल्या फ्रेंचांना चढवून मागणारी गिऱ्हाइकं मला आजही भेटतात. मी नम्रपणे नाही म्हणतो. कधीकधी तितक्या नम्रपणे नाही.)

सरांची एक मागणी विसरता येत नाही. असईला शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. सरांना तसे चार गोलंदाज हवे होते. म्हणाले, "पडलेले दाखवा, पण चेहऱ्याचा रंग जिवंत माणसाचा ठेवा." इतर मेलेल्यांना मी त्वचेत थोडा राखाडी मिसळतो. या चौघांना मिसळला नाही, आणि एकाचा डोळा किंचित उघडा ठेवला. एक नंबरच्या सेबल ब्रशाचं टोक चांगलं असेल तर होतं. लोक डोळ्यांसाठी अगदी बारीक, तीन शून्याचा ब्रश घेतात आणि रंग टोकावरच वाळतो. टोक महत्त्वाचं, आकडा नाही. रंग ब्रशच्या पत्र्याच्या टोपीपर्यंत चढू दिलात तर टोकही गेलंच म्हणून समजा.

एकदा दमट हवेत मॅट व्हार्निश फवारलं आणि दोन पलटणी पिठात लोळवल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. वरून ब्रशने चमकदार व्हार्निश दिलं, पांढरेपणा बराचसा गेला, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. त्या रात्री झोप लागली नाही. पुढची काही वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता ज्यांच्या बारगिराचं नाव मला ऐकावं लागतं, त्या गृहस्थांकडे येतो. नाव घेणार नाही. त्यांनी आमच्याकडून दोन पेट्या कोरे बारगीर-शिलेदार घेतले. रंगवलेले नकोत म्हणाले, आम्हीच रंगवू. अण्णा म्हणाले होते, "इतकी फौज घेतो आणि गणवेशाबद्दल एक प्रश्न विचारत नाही?" मला पैसे दिसत होते. चार महिन्यांनी आमचे बारगीर त्यांच्या नावाने विकायला आले, आमच्या निम्म्या किमतीत.

आधी विश्वास बसेना. बारगीर कुणीही करू शकतो. मीही जुनी चित्रं बघूनच केला. पण घोड्याचा उजवा कान माझ्या हातून जाड झालेला, तो त्यांच्याही घोड्याचा जाड. पट्ट्याच्या बकलावर मी चुकून दोनच टिंबं दिलेली, तिथेही दोनच. सरांनी एक नग विकत घेतला आणि कॅलिपर घेऊन आमच्याकडे आले. खुरापासून कानापर्यंत मोजलं. त्यांचा घोडा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच बुटका. धातू निवताना आकसतो. ओतीव नगावरून साचा करून पुन्हा ओतलं की पोर बापापेक्षा बुटकं निघतं. हे ओतणाऱ्याला माहीत असतं, विकत घेणाऱ्याला नसतं.

अण्णांनी दोन्ही घोडे एकेका तळहातावर घेतले, डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि एवढंच म्हणाले, "याचा रस थंड होता." चोरीचा राग नंतर आला, आधी ओतकामाचा आला. मांड्यांमध्ये साच्याच्या फटीतून आलेला धातूचा पापुद्रा तसाच, साच्याच्या जोडाची शिवण कानशीने काढलेली नाही, दाढी म्हणजे नुसता ढेकूळ. मी खोगीर बघितलं. तिथे काहीतरी होतं, पण कोऱ्या धातूवर अंधूक. मला ठसा दिसत होता, कारण तो माझा होता.

मी फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, "इतिहास काय तुमच्या मालकीचा आहे का? बारगीर सगळ्यांचा." मी ठशाचं बोललो. "तो धातूचा खडबडीतपणा आहे, साहेब." मला उत्तर सुचलं नाही. तीन दिवसांनी आंघोळ करताना सुचलं : बारगीर सगळ्यांचा, अंगठा माझा. तेव्हा पुन्हा फोन करणं शोभलं नसतं.

वकिलाने आमचे हिशोब बघून सांगितलं की खर्च परवडणार नाही. ऑर्डरी निम्म्यावर आल्या. साचा गरगर फिरवून ओतणारं यंत्र विकलं, हातओतीवर आलो. दोन रंगारी मुलींना मी स्वतः दुसरीकडे काम बघून दिलं, कारण त्यांचा पगार मला पुढच्या महिन्यात देता आला नसता. अण्णांनी भागीदारीतला आपला वाटा घेतला नाही. म्हणाले, "मी ओततो तेवढ्याचे दे." ते सहा जुने ओतीव नग मी विकायला काढले होते, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. डबाच स्वतःच्या घरी घेऊन गेले. "धंदा बुडाला तर पुन्हा उभा करता येईल. हे गेले तर नाही." मला राग आला होता. मग आला नाही.

सरांनी तेव्हा पानिपताची ऑर्डर दिली. ती त्यांना इतक्यात नको होती, हे मला ठाऊक होतं. अब्दालीचे उंटांवरचे जंबुरके (छोट्या तोफा), गारद्यांची पलटण, आणि घोडदळ आमचंच. दीड वर्ष आम्ही त्यावर जगलो. सर आता नाहीत. ती फौज त्यांच्या मुलीकडे आहे. तिने काचेचं कपाट केलं. मी तिला एकच सांगितलं : ओकचं लाकूड नको. त्यातल्या आम्लाच्या वाफेने शिशावर बुरशीसारखी पांढरी पूड धरते आणि मग शिपाई आतून पिठासारखा होतो.

अण्णांनीही ओतणं सोडलं, डोळ्यांमुळे. डबा मला परत दिला. मी अजून त्यावरूनच साचे करतो.

गेल्या महिन्यात एका नव्या मुलाची पेटी आली, तीस घोडेस्वार, रंगवून हवे होते. उघडली तर त्यांचे बारगीर. म्हणजे माझे. परत पाठवणार होतो. त्याच्या चिठ्ठीत मात्र बारगीर-शिलेदारांचे घोडे कसे वेगळे दाखवावेत, असं विचारलेलं होतं. ठेवून घेतले.

पापुद्रा काढला, शिवणी घासल्या, प्रायमर दिला. खोगिरांना फिकट तांबूस रंग देऊन वर पातळ तपकिरी वॉश सोडला. वॉश खोलगटात उतरतो आणि उंचवट्यावरून ओसरतो. दिव्याखाली पहिला घोडा वाळत ठेवला. दहा मिनिटांनी बघितलं तर डाव्या बाजूला सात-आठ तपकिरी रेघा उठल्या होत्या आणि त्यांना छेदणारी आडवी एक. मी अंगठा शेजारी धरला. मग दुसरा घोडा घेतला.