आईच्या हाताला येतील असे खण

शनिवार

आईच्या खोलीत कपाट घ्यायचं ते खणांचंच, हे आज पक्कं झालं.

तिचं आत्ताचं लोखंडी कपाट चांगलं दीड फूट खोल आहे. पुढे साड्यांची एक चळत, तिच्यामागे दुसरी. मागची साडी हवी असेल तर पुढची चळत एका हाताने तोलून धरायची आणि दुसरा हात आत खुपसायचा. आईचा उजवा खांदा आता तेवढा वर जात नाही. खालच्या कप्प्यासाठी उकिडवं बसणं गुडघ्यांनी बंदच करून टाकलंय. त्यामुळे पुढ्यात असतात त्याच चार साड्या ती आलटूनपालटून नेसते. मागच्या साड्यांमधलं काही हवं असलं तरी मला सांगत नाही, कारण मागणं तिच्या स्वभावात नाही. मला याचंच वाईट वाटतं. आपल्या वस्तूंसाठी माणसाला कुणाला हाक मारावी लागू नये.

खण ओढला की सगळं पुढ्यात येतं. वरून बघायचं, हवं ते उचलायचं, ढकलून द्यायचं. हात लांबवायला नको, वाकायलाही फारसं नको.

रंगाचं तिला विचारलं, तर उत्तर तयारच होतं. "पांढरं. चकचकीत. अगं, जन्म माजघरात गेला माझा. भर दुपारी कंदील लावून तांदूळ निवडलेत. आता खोलीत काळं लाकूड नको मला."

आमचं गावचं घर राजापूरकडचं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. माजघराला उजेड यायचा तो एका झरोक्यातून. डोंबिवलीच्या या खोलीलाही उजेडाची चैन नाही. खिडकीसमोर शेजारच्या सोसायटीची भिंत उभी आहे. चकचकीत पांढरं दिसायला नाजूक, पुसायला कटकट, हे सगळं मला ठाऊक आहे. पण तिने एवढं सरळ काही मागितल्याला किती वर्षं झाली! तेव्हा रंगाचा विषय संपला.

रविवार

आज दिवसभर फर्निचर बघितलं. सकाळी तुर्भ्याचं आयकिया, दुपारनंतर उल्हासनगरचा फर्निचर बाजार.

आयकियात एक गोष्ट मनापासून आवडली. खणांच्या प्रत्येक कपाटाजवळ ते भिंतीला बांधा म्हणून ठळक सूचना, आणि त्यासाठीची पट्टीही सोबत. यामागे मोठं दुःख आहे. लहान मुलांनी खण पायऱ्यांसारखे बाहेर ओढले, वर चढली आणि कपाट अंगावर आलं, असे मृत्यू अमेरिकेत झाले. २०१६ च्या जूनमध्ये याच कंपनीला तिथली सुमारे २.९ कोटी कपाटं माघारी बोलवावी लागली. पुढे २०२२ मध्ये तिथे खणांची कपाटं कलंडू नयेत म्हणून कायदाच झाला. भरलेले खण एकदम बाहेर आले की सगळा भार पुढे येतो आणि कपाट ओणवं होतं, इतकं ते साधं आहे. दादाचा धाकटा इथे आला की चढायला काय मिळतंय तेच शोधत असतो. म्हणजे कपाट कुठलंही येवो, भिंतीला एल पट्टीने जखडल्याशिवाय त्यात एक रुमालसुद्धा ठेवायचा नाही.

उल्हासनगरला मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. पांढरी चकचकीत कपाटं रांगेने उभी असतात, लांबून सगळी एकाच आईची लेकरं दिसतात. एका वयस्कर दुकानदाराने मला परीक्षा शिकवली, आणि ती खरंच उपयोगी आहे. छताच्या ट्यूबलाइटची रेघ खणाच्या दर्शनी भागावर पडते, ती वरपासून खालपर्यंत निरखायची. रेघ सरळ असेल तर आतला बोर्ड सपाट आणि काम नीट. रेघ नागमोडी झाली की समजायचं, बोर्डाला उंचवटे आहेत किंवा रंग घाईत मारलाय. मॅट फिनिशमध्ये हे दोष खपून जातात, ग्लॉसमध्ये लपायला जागाच नाही. म्हणूनच दर्शनी भागाला पुष्कळजण एमडीएफ किंवा एचडीएचएमआर वापरतात. हे बोर्ड लाकडाचे तंतू दाबून केलेले, त्यामुळे सपाट. प्लायवर तेच चकचकीत काम केलं तर कधीकधी आतल्या थरांची लाट वर उमटते.

एका दुकानात शटरच्या तोंडाशी, थेट उन्हाला लागून एक कपाट होतं. त्यावर चिकटवलेलं किमतीचं कार्ड मी उचकटून बघितलं. खाली पांढराशुभ्र चौकोन, आणि भोवतीचा सगळा भाग सायीच्या रंगाचा. ते मेम्ब्रेनचं होतं, म्हणजे बोर्डावर प्लॅस्टिकची पातळ फॉइल गरम करून बसवलेली. खालच्या कोपऱ्यात ती सुटायलाही लागली होती, नख सहज आत गेलं. ऊन आणि उष्णता हे पांढऱ्या ग्लॉसचे वैरी आहेत, पिवळेपणा तिथूनच सुरू होतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग दिसायला सगळ्यात देखणा, काचेसारखा खोल. पण मारणारा हात कसलेला हवा, आणि पांढरा पीयूही वर्षांनी पिवळसर होऊ शकतो. चांगल्या ॲक्रिलिक शीटचा पांढरेपणा जास्त टिकतो. चकचकीत सनमायका सगळ्यात सोपा आणि दणकट, मात्र कडांना सांध्याची काळपट रेघ दिसते.

आतल्या मालाचं मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. बहुतेक तयार कपाटं पार्टिकल बोर्डाची. कोरड्या हवेत ती टिकतातही. पण आमच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टला हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, खोलीच्या भिंतीला ओल येते, आणि रोज फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते. पार्टिकल बोर्डाची कड एकदा पाणी प्यायली की फुगते ती कायमची. मन धजेना. मिस्त्रींनाच बोलवायचं.

सोमवार

चकाकीबद्दल एक काळजी मनात होती. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं बाकी आहे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला तिरीप फार सलते. खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब समोर झळकत राहिलं तर जे कपाट तिच्या सुखासाठी आणायचं तेच तिला टोचेल.

म्हणून आज संध्याकाळी आम्ही दोघींनी हातातला आरसा घेऊन जागा ठरवली. आई पलंगावर तिच्या नेहमीच्या जागी बसली, मी आरसा कपाटाच्या उंचीवर भिंतीला सपाट टेकवून सरकवत गेले. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरशात पूर्ण खिडकी लख्ख. "नको, नको, तिथे नको," आईने डोळ्यांवर हातच घेतला. खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर, दरवाजाकडच्या अर्ध्या भागात, तिला आरशात नुसता पडदा आणि पलंगाची कड दिसली. ट्यूबलाइटही नाही. जागा ठरली. तिथे थेट ऊनही पोचत नाही, म्हणजे पिवळं पडण्याचं भयही कमी.

बुधवार

मिस्त्री आले होते. बरीच वर्षं डोंबिवलीत काम करतात, सोसायटीतली निम्मी स्वयंपाकघरं त्यांच्या हातची. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी बघितलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, तीन फुटी खण एका हाताने सरळ येत नाही. तिरका ओढला की अडकतो. मावशींना दोन हात लावावे लागतील."

खरं आहे. तीन फूट रुंदीचे दोन भाग करायचे ठरले. मग आम्ही आतलं माप काढत बसलो. प्लायच्या तीन उभ्या फळ्या, प्रत्येक बाजूला चॅनलसाठी, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्टीसाठी, अर्धा इंच, खणाच्या स्वतःच्या बाजू, हे सगळं वजा जाता आत भरून पंधरा इंच उरतात. आई आत जाऊन तिची मोरपंखी पैठणी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. मिस्त्रींनी टेप लावला. नवी घडी न पाडता साडी आडवी मावते. पैठणीचा जरीकाठ एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिला की तिथेच चिरतो, म्हणून आई दर काही महिन्यांनी घड्या बदलते आणि मलमलच्या फडक्यात बांधून ठेवते. डांबराच्या गोळ्या ती जरीजवळ येऊ देत नाही. तिच्या कपड्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला असतो. नव्या खणातही तेच जाणार.

सांगाडा १८ मिलिमीटरच्या प्लायचा, आयएस ७१० चा, म्हणजे ओलीला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेला. खणांचा दर्शनी भाग एचडीएचएमआरवर पांढरं ॲक्रिलिक. चॅनल अठरा इंची टेलिस्कोपिक, पूर्ण बाहेर येणारे, सॉफ्ट क्लोज, म्हणजे हळूच मिटणारे. खाली चार इंचांचे पाय, म्हणजे फडकं आरपार जाईल आणि कडेला पाणी राहणार नाही. भिंतीपासून दोन बोटं अंतर, पावसाळ्यात हवा खेळायला. भिंतीला जखडायची एल पट्टी जिथे बसेल तिथे, मागे त्या अंतराएवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा. पायांसकट उंची पस्तीस इंच. आईला उभं करून कोपरापर्यंत मोजली, म्हणजे वरच्या खणात तिला वरून बघता येईल. सर्वात वरचे खण उथळ, खालचे खोल.

हँडलवर थोडी चर्चा झाली. मिस्त्रींचं म्हणणं, ग्लॉसवर हँडल कशाला, पुश-टू-ओपन लावू, दिसायला स्वच्छ. मी ठाम नाही म्हटलं. दाबून उघडायचं म्हणजे प्रत्येक वेळी चकचकीत पांढऱ्यावर बोटांचे ठसे. आणि आईच्या बोटांना पकडायला काहीतरी भरघोस हवं. शिवाय पांढरी भिंत, पांढरं कपाट, पांढरे खण, यात तिच्या डोळ्याला एका खणाची हद्द कुठे संपते ते कळायचं नाही. काळं, जाडसर डी हँडल, चार बोटं सहज आत जातील असं. वरची फळी मॅट, फिकट लाकडी रंगाची. तिथे तिचा चष्मा, औषधांची डबी, तांब्या-भांडं राहणार. ग्लॉसवर ओरखडे पडले असते आणि तांब्या घसरला असता.

शुक्रवार

आगाऊ रक्कम दिली. तयार कपाटापेक्षा खर्च बराच जास्त होतोय. दादा फोनवर म्हणाला, "एवढं कशाला?" त्याला आरशाची गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणाला, निम्मे मी देतो.

आईने वहीच्या पानावर आठ चौकोन आखून खणांची वाटणी केली आहे. वर डावीकडे रोजचे ब्लाउज आणि रुमाल, उजवीकडे देवाची वस्त्रं आणि बाबांचं घड्याळ. दुसऱ्या ओळीत रोजच्या सुती साड्या, तिसऱ्या ओळीत रेशमी. सगळ्यात खाली वाकावं लागतं, म्हणून तिथे शाली आणि जादा चादरी. ते खण मीच उघडणार. एक चौकोन तिने रिकामा ठेवलाय. विचारलं तर म्हणाली, "असू दे की. नवं काही घेतलं तर?"

पुसायचं मी माझ्याकडे घेतलंय. मायक्रोफायबरचं मऊ फडकं, साबणाचं अगदी सौम्य पाणी, लगेच कोरडं करायचं. स्पिरिट, थिनर, काच पुसायचा फवारा ॲक्रिलिकला लावायचा नाही, बारीक तडे जाऊ शकतात. वरची संरक्षक फिल्म कपाट जागेवर बसल्यावरच काढायची, आणि त्यानंतरचे काही दिवस पृष्ठभाग जरा नाजूकच धरायचा. कामाच्या मावशींना सांगून ठेवायला हवं, भांड्यांची घासणी त्या खोलीत नेऊ नका म्हणून.

मिस्त्री सोमवारी प्लाय आणतायत. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय. माल आला की शिक्का आधी बघायचा, मगच कापू द्यायचा.