नळी नको, आज तरी

मंगळवार, रात्री

अप्पांना नाकातून नळी घालायची नाही, आज तरी. 'आज तरी' हे अक्काचे शब्द. तिला अजून पटलेलं नाही.

पार्किन्सनने आता गिळणं धरलंय. बेळगावला बेरियम मिसळलेले घोट देऊन एक्स-रेवर बघितलं. पातळ घोट थोडा श्वासनळीत उतरतो आणि ठसकाही लागत नाही. घरातले सगळे ठसक्यावर कान ठेवून, आणि तो येतच नाही!

थेरपिस्ट बाईंनी पावडर घालून दाट केलेलं पाणी दिलं. एक घोट घेऊन अप्पा कन्नडमधून जे बोलले ते इथं लिहीत नाही. (शिव्या ते कायम कन्नडमध्येच देतात.) बाईंनी आडपडदा ठेवला नाही. दाट पाणी श्वासनळीत कमी जातं, पण माणसं ते पीत नाहीत, मग अंगातलं पाणी कमी पडतं. न्यूमोनिया टळेलच असंही नाही. नळीने अन्न-औषध पोटात जातं, पण लाळ तोंडातूनच उतरते, म्हणून नळी असूनही न्यूमोनिया होतो.

पुण्याहून धाकटा फोनवर, "काही रिस्क नको." रिस्क अप्पांची, आणि ठरवणार हा!

बाईंनी खुर्ची अप्पांच्या समोर ओढली आणि त्यांनाच विचारलं. अप्पांचा आवाज बारीक झालाय, शब्द यायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या गप्प बसल्या. घरात एवढं कोण थांबतं?

"सकाळचा चहा पातळच पायजे. बाकी तुमचं ऐकतो."

म्हणून चहा पातळ, पण पार्किन्सनच्या गोळीचा असर असताना, ताठ बसवून, लहान घोटांनी. आधी तोंड साफ करायचं, म्हणजे चुकून काही खाली गेलंच तर तोंडातले जंतू कमी जातील. बाकी पाणी दाट. भाकरी, चुरमुरे बंद. आमटीभात मला मऊ म्हणून सोपा वाटायचा. पण पातळ आमटी आणि शितं एकदम तोंडात आली की सांभाळणं अवघड जातं. त्यापेक्षा घोटलेला गुरगुट्या भात बरा. आंबील तर दाट करता येते, आणि अप्पांच्या आवडीची. कुंदा या बेळगावी मिठाईवरून मात्र अक्काची आणि माझी जुंपली. रवाळ आणि चिकट, दोन्ही. पुढच्या खेपेला बाईंना विचारू.

छातीत कफ झालाच तर दवाखान्यात भरती करायचं की घरीच औषध द्यायचं, हे अप्पांना विचारायचं राहिलंय. बोलता येतंय तोवर विचारायला हवं. शनिवारी अक्का निपाणीहून येतेय, तेव्हा ती असतानाच विचारते.